दोन, पुन्हा दोन

छापखान्यात त्याला सगळे काटकोन्या म्हणत. कागदाची थप्पी कापायच्या मशिनवर ठेवून, थापटून सारखी केली आणि पातं खाली आणलं, की कोपरा बघून घ्यावा! बोलायच्या बाबतीत मात्र गडी अगदीच लाजराबुजरा. "याच्या लग्नात होकारसुद्धा मलाच द्यावा लागणार," असं त्याची थोरली ताई म्हणायची.

एका वर्षी कॉलेजातल्या गणिताच्या बाईंचं पुस्तक छापायला आलं. आकृत्या बिघडू नयेत म्हणून बाई कॉलेज सुटलं की स्वतः प्रुफं बघायला येत. एक आयत वाकडा छापला गेला, तेव्हा त्या तरातरा त्याच्या मशिनपाशीच आल्या.

"मला एक आयत कापून देता? चौरसाच्या बाजूएवढी रुंदी, त्याच्या कर्णाएवढी लांबी."

त्याने दिला.

"आता यातून निघेल तेवढा मोठा चौरस काढा."

एक निघाला. उरलेल्या पट्टीतून दोन निघाले, तरी तुकडा उरला. त्यातून पुन्हा दोन. मशिन पुरेना तशी त्याने कात्री घेतली. पुन्हा दोनच! तुकडा नखाएवढा झाल्यावर त्याने हात टेकले.

"बाई, हे संपणार कधी?"

"कधीच नाही. उरतो तो तुकडा आधीच्याच आकाराचा, फक्त लहान. दोनाचं वर्गमूळ अपूर्णांकाखाली अपूर्णांक मांडत लिहिलं, तर आधी एक आणि मग नुसते दोन, दोन, दोन. वर्गसमीकरणातून येणाऱ्या सगळ्या अपरिमेय संख्यांची हीच गंमत. आकडे एकदा फेर धरतात ते धरतातच."

तो मनापासून हसला. मग प्रुफं झाली तरी बाई मशिनपाशी रेंगाळू लागल्या. कधी तीनाचं वर्गमूळ कापायचं, कधी पाचाचं. पानात चूक निघाली की मालकांचं डोकं फिरे आणि हा आतल्या आत खूश! तेवढीच बाईंची आणखी एक फेरी.

पण पुस्तक काय, एक दिवस बांधून झालंच. पहिल्या प्रतीच्या कडा त्यानेच कापल्या. प्रत हातात घेत बाई म्हणाल्या, "कॉलेजात येता का एकदा? फळ्यावर मुलांना पटत नाही. तुम्ही कापून दाखवा."

तो खाली पडलेली कात्रणं गोळा करू लागला. "मशिन सोडून कसं यायचं, बाई?"

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढे कितीतरी दिवस जिन्यावर चपला वाजल्या की त्याची मान वर व्हायची. शेवटी न राहवून एका सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट चढवून तो कॉलेजच्या फाटकाशी गेला. शिपाई म्हणाला, "त्या बाई? लग्न झालं की त्यांचं. नोकरी सोडून गेल्या नवऱ्याच्या गावी."

घरी आल्यावर ताईने शर्टाकडे पाहिलं आणि खोदून खोदून विचारलं. त्याने सगळं सांगून टाकलं.

"अरे, मग तेव्हाच जायचंस ना! मशिन काय पळून जाणार होतं?"

ताई जवळ सरकली. "कशा होत्या रे दिसायला?"

तो आठवत राहिला. चेहऱ्याकडे धीटपणे कधी पाहिलंच नव्हतं. बोटांना लागलेला खडू आठवला. आणि पातं खाली येताना त्या श्वास रोखून धरायच्या, ते.