चाळून आलेली माती

माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली तेव्हा सासरी पहिला प्रश्न हा पडला, की मातीत तपासण्यासारखं असतं काय. दुसरा, याचा पगार देतं कोण. दोन्ही प्रश्न रास्त होते. शेतातली माती पाण्यात कालवायची, काचेच्या उंच नळकांड्यात ओतायची आणि ती खाली बसताना बघत बसायचं, हे माझं काम. वाळू लगेच तळ गाठते. पोयट्याचे कण रमतगमत येतात. चिकणमाती सगळ्यात बारीक. ती अधांतरी लटकून राहते आणि पाणी गढूळ ठेवते. तिची वाट बघण्यात माझी उमेदीची वर्षं चालली आहेत. कुठला भाग किती ते मोजलं की जमिनीचा स्वभाव कळतो. माणसांच्या बाबतीत ही सोय अजून झालेली नाही, नाहीतर लग्नाआधी मी चार नळकांडी भरूनच सासरी गेले असते.

नमुना कसा आणावा याचा कागद आम्ही भिंतीवर लावला आहे. रानात ठिकठिकाणी खड्डे घ्या, सगळी माती एकत्र करा, जशी आहे तशी आणा. कागद भिंतीला शोभून दिसतो. लोक उकिरड्याशेजारची काळीभोर माती आणतात. एका गृहस्थांनी शेजाऱ्याच्या रानातली आणली होती, कारण त्यांची स्वतःची दाखवण्यासारखी नव्हती. परक्या दारात जाणारी माती नटूनथटूनच गेली पाहिजे, असा आमच्या भागात एकूण समज आहे.

तरी हे आपल्या घरात होणार नाही, असं मला वाटायचं. घरातली सून रोज हेच करते म्हटल्यावर एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नव्हती.

माझे सासरे, आमचे आबा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्यात घर बांधून राहिले. राहिले म्हणजे शरीराने. मन कायम माणदेशात, म्हसवडकडच्या वडिलोपार्जित माळावर. तिथे एक शेततळं खणायचं, काठाला दोन खोल्या बांधायच्या आणि सासूबाईंना घेऊन तिथे जाऊन राहायचं, हे त्यांचं फौजेतल्या दिवसांपासूनचं स्वप्न. बर्फात पहारा करताना ते जोडीदारांना या तळ्याचं वर्णन सांगायचे म्हणे. त्या बिचाऱ्यांना पळून जायलाही जागा नसावी. तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरायचा नाही, हा आबांचा हट्ट. "पानी मातीत ऱ्हातं. प्लास्टिकात ऱ्हायला ते काय दूध हाय?" असं ते म्हणत. मातीत पाणी धरायचं तर तिच्यात चिकणमाती भरपूर हवी. नसेल तर पावसाळ्यात भरलेलं तळं दिवाळीला कोरडं. म्हणून एकदा नमुना पाठवा, असं मीच म्हटलं होतं.

नमुना आला तो कंदी पेढ्यांच्या डब्यातून. मऊसूत, पिठासारखा, एक खडा म्हणून नाही. निकाल इतका उत्तम निघाला, की कृष्णाकाठच्या मळीच्या जमिनीने लाजावं. माझ्या नवऱ्याने मी काही म्हणायच्या आत फोन करून तो वडिलांना कळवला, कारण या घरात चांगली बातमी पोटात ठेवायची कुणाला सवय नाही. संध्याकाळपर्यंत आबांनी तळं खणायला पोकलेनवाल्याला सांगून ठेवलं आणि गल्लीत प्रत्येकाला आपल्या मातीचा निकाल ऐकवला.

मला मात्र चैन पडेना. माणदेशातल्या माळावर खडा नाही, हे मी नोकरीत पहिल्यांदाच बघत होते. रविवारी आम्ही सांगलीजवळच्या माधवनगरहून साताऱ्याला गेलो. जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात मी सासूबाईंना विचारलं, "आई, माती कुणी भरली होती?"

"ह्यांनी घमेलंभर आणली. मी चाळली, मैद्याच्या चाळणीनं, मग फडक्यानं वस्त्रगाळ केली." त्यांच्या आवाजात कौतुकाची वाट बघणं होतं.

"आणि खडे?"

"निम्म्याच्या वर घमेलं खडं न् वाळूच होती की. ते कढीपत्त्याच्या कुंडीत बुडाला घातलं. खडं असलं की पानी थांबत न्हाई, मुळं कुजत न्हाईत."

मी भांडं घासता घासता थांबले. ज्या खड्यांवर तळं उभं राहणार होतं, ते खडे पाणी निघून जावं म्हणून कुंडीत गेले होते. आणि हे सांगणारी बाई अजिबात भोळी नव्हती.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी ओट्यावरून फडकं फिरवलं. "त्या माळावर नांदायला आलेली बाई मी. मला म्हाईत न्हाई व्हय? पन ल्हान पोरावानी त्या तळ्याचं बोलत्यात गं. न्हाई म्हनायचं माझ्या जिवावर येतं. म्हटलं, तुझ्या मशिनीनं तरी व्हय म्हनावं."

मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली, की मी परत भांडं घासायला घेतलं. निघताना आबांना एवढंच म्हणाले, की नमुना कमी पडला, पुन्हा द्या, आणि या वेळी स्वतःच भरा, काही निवडू नका.

आठवड्याने आबा मातीने भरलेलं सिमेंटचं पोतं खांद्यावर टाकून सांगलीत माझ्या प्रयोगशाळेत हजर झाले. चालताना पाय ओढत होते. विचारलं तर कुठं काय, म्हणाले. फौजेत पाय दुखत नाहीत. मी माती त्यांच्यासमोर आमच्या जाड भोकांच्या चाळणीने चाळली, जिच्यातून वाळूही खाली पडते. चाळणीवर खड्यांचा ढीग राहिला. खाली जे पडलं ते नळकांड्यात घालून घुसळलं आणि ठेवलं. आबा समोर स्टुलावर ताठ बसले, नळकांडं सलामी घेणार असल्यासारखे.

वाळू बसली. मग बाकीचंही बसत गेलं. चहा झाला, दुपार झाली. वरचं पाणी हळूहळू स्वच्छ होत गेलं, इतकं की पलीकडची खिडकी दिसू लागली. त्यांचा चेहरा उजळला.

"कसं काचेवानी निवळलं बघ. चांगलंच हाय न्हवं?"

एवढ्या वर्षांत शेकडो लोकांना मी वाईट निकाल दिले आहेत, तेही न अडखळता. या वेळी मी आधी नळकांड्याची काच उगाच पुसून घेतली.

"आबा, निवळायला नको होतं. चिकणमाती असती तर उद्यापर्यंत गढूळ राहिलं असतं."

आबांनी नळकांड्याला बोट लावून तळाशी बसलेली वाळू खालून वर मोजली. मग उठले, रिकामं पोतं नीट घडी करून काखेत घेतलं. दारापाशी थांबून म्हणाले, "तुझ्या सासूला यातलं काय सांगू नको. लय हौसेनं चाळली हुती तिनं. मी दारात हुबा ऱ्हाऊन बघितलंय."

"मग पोकलेन का नको, ते आईंना काय सांगणार?"

"सांगतो, गुडघं दुखत्यात."