दोनदा पुकारा

बाबा वसमतच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. जाळीच्या खिडकीमागे बसायचे, समोर माइक. "हिंगोलीकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे" हे वाक्य ते असं काही म्हणायचे की हिंगोलीला काम नसलेला माणूससुद्धा पिशवी उचलायचा. शाळेत माझी ओळख 'स्टँडवर बोलतात त्यांची मुलगी' अशी होती, आणि मला त्याचा भयंकर तोरा होता. मुख्याध्यापकांच्या मुलीलासुद्धा मी हिंग लावून विचारत नसे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी एका सकाळी बाबांची उजवी बाजू गेली. पायात हळूहळू थोडी ताकद आली, पण बोलणं काही परत आलं नाही. लिहायला पाटी दिली तर डाव्या हातानं नुसत्या रेघा. डॉक्टर म्हणाले, "कळतं किती, ते आत्ताच सांगता येणार नाही. बघू या." हे 'बघू या' आमच्या घरात ठाण मांडून बसलं. भेटायला येणारे बाबांच्या उशाशी बसून बाबांविषयीच बोलू लागले, पाळण्यातल्या लेकराविषयी बोलावं तसे. आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, तर सरळ म्हणाली, "त्याला आता काई समजत न्हाई माय. देवानं नुसतं अंग ठेवलं." बाबा छताकडे बघत होते. मला आत्याचा इतका राग आला की मी चहात साखर घालायची विसरले, आणि ती विसरले याचं वाईटही वाटलं नाही.

आई मात्र शांत होती. "त्यांना समदं समजून राहिलं," एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची. तिच्याकडे पुरावा काही नव्हता. मला पुरावा हवा होता.

मी घरी बसून वेबसाइटी बनवते. हिंगोलीचं कापड दुकान, एखादं मंगल कार्यालय, हळदीचे व्यापारी, जो येईल त्याची. त्यावर पोट चालतं. जीव मात्र टेबलाच्या खणात असतो: वायरी, बारके दिवे, काडेपेटीएवढे सर्किट बोर्ड. आई त्याला 'तुझं भंगार' म्हणते. त्या भंगारात एक कार्ड रीडर पडून होता. हॉटेलच्या खोलीचं दार उघडायला जे कार्ड लावतात ना, तसली कोरी पांढरी कार्डंही होती. प्रत्येक कार्डाच्या पोटात त्याचा एक नंबर असतो. रीडर तो वाचतो, बोर्ड तो वाय-फायवरून माझ्या वेबपानाला कळवतो, आणि पान त्या नंबराला जे नेमून दिलंय ते करतं. माझ्या मनात आलं, बाबांना बोलता येत नाही तर कार्डाला बोलू दे. कार्डावर कपाचं चित्र चिकटवायचं. बाबांनी ते रीडरला लावलं की स्वयंपाकघरात आईच्या मोबाइलवर घंटा वाजेल आणि पान म्हणेल, चहा पाहिजे.

चहा, पाणी, पंखा, औषध, टीव्ही अशी कार्डं तयार झाली. रीडर बाबांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला, आणि तो काही केल्या वाचेना. मी दुपारभर प्रोग्राम उलटापालटा केला, जोडण्या तपासल्या, दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या. शेवटी रीडर उचलला तेव्हा दिसलं की आईनं त्याच्याखाली स्टीलचं ताट सारलंय. "नवीन वस्तू हाय, खाली काय तरी नको का?" तिनं त्याला हळदकुंकूही लावलं होतं. हळदकुंकवाचं रीडरला वावडं नसतं, पण धातूवर ठेवला की तो आंधळा होतो. ताट काढून लाकडी पाट ठेवला आणि गाडी सुरू झाली.

दुसरी अडचण ब्राउझरची. माणसानं आधी एकदा पडद्याला बोट लावल्याशिवाय पानाला आवाज काढू द्यायचा नाही, असा त्याचा नियम. आईनं तो सहज मानला. सकाळी देवापुढे दिवा लावला की तिकडूनच येऊन ती मोबाइलला बोट लावायची. माझ्या कुठल्याच गिऱ्हाइकानं माझ्या पानाला इतका मान दिलेला नाही.

तिसरी अडचण खुद्द बाबा. पान बोलायचं ते यंत्राच्या आवाजात, नको तिथे थांबत, नको तिथे धावत. पहिल्यांदा ऐकल्यावर बाबांनी तोंड असं वाकडं केलं की ते आजारानं झालेल्या वाकडेपणातूनही वेगळं ओळखू आलं. जन्मभर माइकवर बोललेल्या माणसाला ते सोसवणार कसं? म्हणून मी आईचा आवाज भरून घेतला. मोबाइल समोर धरल्यावर तिनं पदर सावरला आणि लग्नाचं आमंत्रण द्यावं तशी म्हणाली, "चहा पाहिजे आहे." मग स्वतःच हसायला लागली. "माझ्याच तोंडून मलाच हुकूम! बरंय बाई तुमचं यंत्र."

एवढी तयारी झाली आणि बाबांनी पहिलं कार्ड लावलं. चहा पाहिजे आहे, असं स्वयंपाकघरातून ऐकू आलं. आईनं गॅस पेटवला. तेवढ्यात बाबांनी तेच कार्ड पुन्हा लावलं.

इथे माझ्या हुशारीबद्दल सांगायला हवं. बाबांचा डावा हात कापतो. चुकून भलतंच कार्ड लागलं तर मागे घेता यावं म्हणून मी सोय केली होती की तेच कार्ड परत लावलं की मागणी रद्द. पान म्हणायचं, "राहू द्या." मला ही सोय फार नामी वाटली होती.

आईनं गॅस बंद केला. बाबांनी वाट पाहिली, मग पुन्हा कार्ड लावलं. चहा पाहिजे आहे. थोडं थांबून पुन्हा. राहू द्या. पाण्याचंही तेच, पंख्याचंही तेच. पाहिजे, राहू द्या, पाहिजे, राहू द्या. मी त्यांच्यासमोर बसून दाखवलं, "बाबा, एकदाच लावायचं. हे बघा, एकदाच." ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले की ती वेड्याची नजर आहे की वेड्याकडे बघणाऱ्याची, हे मला समजेना. शेवटी त्यांनी डाव्या हातानं सगळी कार्डं स्टुलावरून खाली ढकलली.

आत्या तेव्हा तिथेच होती. तिनं नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तेच मला जास्त लागलं. मी कार्डं गोळा केली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मलाही वाटलं की आत्या बरोबर असेल. पुरावा मागितला होता, तो माझ्याच यंत्रानं दिला. आई कार्डांवरची धूळ पदरानं पुसत म्हणाली, "तुझ्या भंगारातच काई तरी बिघाड असंल. त्यांच्यात न्हाई." मी खेकसले, "यंत्र बराबर आहे, आई." ती म्हणाली, "असंल. पण ते बी बराबर हायेत."

दोन-तीन दिवसांनी हिंगोलीला एका गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. स्टँडवर नेहमीची गर्दी, कोणाची हळदीची पोती, कोणाचं रडणारं पोरगं. लाउडस्पीकर खरखरला, कोणी काहीतरी बोललं, आणि मला त्यातलं अक्षरही कळलं नाही. मी मान वर केली. एक श्वास घेण्याइतकी शांतता गेली, आणि तेच वाक्य पुन्हा आलं. हिंगोलीकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे.

सगळे उठले. मी तिथेच बसून राहिले.

लहानपणी मी बाबांना विचारलं होतं की तुम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा का सांगता. ते म्हणाले होते, "पहिल्यांदा माणसाला एवढंच समजतं की कोणी तरी बोललं. कोणती गाडी, ते दुसऱ्यांदा समजतं." उभ्या नोकरीत त्यांनी एकही गाडी एकदाच पुकारली नाही. आणि दोन पुकाऱ्यांच्या मध्ये ते एक श्वास थांबायचे, अगदी तेवढाच, जेवढा ते आता दोन वेळा कार्ड लावताना थांबत होते.

ते चहा रद्द करत नव्हते. ते चहा पुकारत होते!

गाडी माझ्यासमोरून गेली. गिऱ्हाइकाला काय कळवलं ते आठवत नाही. रिक्षाही केली नाही, सरळ पळत सुटले, आणि वाटेत मला एवढं हसू येत होतं की एक ओळखीच्या बाई थांबून विचारत्या झाल्या, "काहून गं, लॉटरी लागली काय?" मी म्हटलं, "व्हय."

घरी येऊन रद्द करण्याची ती नामी सोय काढून टाकली. कार्ड जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा पानानं बोलायचं, बस. बाबांपुढे पाट ठेवला, कार्डं मांडली. ते रागावलेलेच होते, मान भिंतीकडे. मी म्हटलं, "बाबा, माझीच चूक होती. पुकारा आता." 'पुकारा' म्हटल्यावर मान वळली. त्यांनी चहाचं कार्ड लावलं. चहा पाहिजे आहे. एक श्वास. पुन्हा लावलं. चहा पाहिजे आहे.

आणि बाबा हसले. अर्ध्याच तोंडानं, पण पूर्ण हसले. मी त्यांच्या पायाशी बसून मोठ्यानं रडले, आणि आई आतून ओरडली, "आता काय झालं? ठिवला की चहा!"

त्यानंतर बाबांनी आम्हांला दम खाऊ दिला नाही. चित्रांची कार्डं कमी पडू लागली. 'उजेड करा', 'उशी नीट करा', 'बातम्या लावा', असं रोज काहीतरी नवीन त्यांच्या खाणाखुणांवरून ओळखायचं आणि भरायचं. पाहुणे फार वेळ बसले की वापरायला हात जोडलेल्या चित्राचं एक कार्ड केलं, त्याचं वाक्य 'आता पुरे'. ते त्यांनी पहिल्यांदा वापरलं ते आत्यावर. ती गुडघेदुखीचं पुराण सांगत बसली होती. आता पुरे. एक श्वास. आता पुरे. आत्या तोंड उघडं ठेवून बघत राहिली, मग तिनं भावाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "मेल्या, लहानपणीबी मला असंच हाकलायचा!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडभर हसू. त्या दिवसापासून बाबांच्या देखत बाबांविषयी कोणी बोललं नाही. सगळे बाबांशीच बोलू लागले.

आता राहिलं एक कार्ड. ते कोरं होतं. त्याला मी काहीच नेमून दिलेलं नव्हतं, म्हणून ते लावलं की नुसती घंटा वाजायची. बाबा तेच उचलायचे, दोनदा लावायचे आणि हनुवटीनं आईकडे खूण करायचे. मी विचारलं, आईला बोलावू? मान हलली, पण अर्धवट. जेवण? नाही. डोकं चेपून पाहिजे? नाही. मी पार मेटाकुटीला आले. आई दारात उभी राहून बघत होती, आणि एकाएकी तिचा चेहरा लाल झाला.

"काई न्हाई," ती म्हणाली. "वेडेपणा करून राहिले." आणि आत निघून गेली.

मी पिच्छा सोडला नाही, तेव्हा तिनं कणीक मळता मळता सांगितलं. लग्नाला थोडेच दिवस झालेले. तिचं माहेर सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला. माहेराहून परत येताना ती बाबांसाठी डबा घेऊन स्टँडवर उतरली, पण खिडकीशी जायची लाज वाटली, म्हणून पोत्यांच्या आडोशाला बसून राहिली. बाबांनी जाळीतून तिला बघितलं आणि माइक ओढला. "सिद्धेश्वरहून आलेल्या बाईंनी चौकशीच्या खिडकीपाशी यावे." आणि नियमाप्रमाणे पुन्हा एकदा. सगळं स्टँड मान वळवून बघायला लागलं. "मी आठवडाभर बोलले न्हाई त्यांच्याशी. शप्पत घ्यायला लावली, परत असं करायचं न्हाई. त्यांनी पाळली बी."

संध्याकाळी तिनं माझ्याकडे मोबाइल मागितला, देवघरात गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा आवाज भरलेला होता. मी तो कोऱ्या कार्डाला नेमून दिला. ऐकला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी आई ताटात तांदूळ निवडत बसली होती, मी शेजारी. घंटा वाजली. "सिद्धेश्वरहून आलेल्या बाईंनी चौकशीच्या खिडकीपाशी यावे." आईचाच आवाज, पण थांबे सगळे बाबांचे, जिथल्या तिथे.

आई उठेना. तांदळातली बोटं तेवढी थांबली होती.

"अगं, बोलावून राहिले ना तुला," मी म्हटलं. "उठत काहून न्हाईस?"

"थांब की जरा," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा होऊ दे."