गुडघ्यामागची गाठ

सोनोग्राफीच्या टेबलावर मी पालथी पडले होते आणि शेजारच्या पडद्यावर माझ्याच गुडघ्यामागची गाठ दिसत होती. काळीभोर, एखाद्या डोहासारखी. पायऱ्या उतरताना कळ यायची, मांडी घालता येत नव्हती, तरी कितीतरी दिवस मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीची गाठही आधी अशीच लहान होती. बहीण आता नाही.

"ताई, ही पाण्याची गाठ आहे. सुईनं पाणी काढू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पडद्यावर बघत बघतच सुई आत नेते. फक्त हलू नका."

शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याचं मनगट मी घट्ट धरलं. पडद्यावर एक पांढरी रेघ हळूहळू त्या काळ्या डोहाकडे सरकू लागली. जागा बधिर केल्यामुळे दुखत नव्हतं, नुसता दाब जाणवत होता, आणि तेच जास्त भयंकर वाटत होतं. गुडघ्याची मागची बाजू आपण जन्मभर वागवतो, पण कधी धड पाहत नाही. भीतीला अशीच जागा लागत असावी, स्वतःची असून नजरेआडची.

डोह आक्रसत गेला. सिरिंजमध्ये पिवळसर, दाटसर पाणी आलं.

"वाईट काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण गुडघा झिजलाय, पुन्हा भरू शकतं. उतरा आता, पाय टेका."

"टेक गं," नवरा म्हणाला.

मी पाय टेकला. कळ आली नाही. तरी मी तशीच उभी राहिले, कळ येण्याची वाट बघत.