अनलिमिटेडचा वैरी

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, 'अनलिमिटेड' या शब्दाशी उघड वैर धरणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच आहे आणि तो माझा साडभाऊ, म्हणजे साडू आहे. अनलिमिटेड थाळीच्या हॉटेलची तो पायरी चढत नाही. अकोल्याहून रोज बसने अमरावतीला येतो आणि खिडकीतून रुमाल टाकून अख्खा बाक अडवणारा कोणी दिसला, की जास्तीचे रुमाल घडी घालून त्याच्याच हातात ठेवतो. "भाऊ, एका मानसाले एक रुमाल. बाकीचे नाक पुसाले ठेवा." एकदा रुमालवाला पैलवान निघाला. साडभाऊ मूर्तिजापूरपर्यंत उभा आला, पण त्या बाकावर एका अनोळखी आजीबाईंना बसवूनच.

नोकरीही त्याला देवाने नेमकी हीच दिली. अमरावतीतल्या एका कोचिंग क्लासमध्ये दांडगा सर्व्हर आहे. त्याच्या पोटात बरीच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच घरात नांदणारे बिनशरीराचे कॉम्प्युटर. एकाने मेमरी लॉक केली की ती दुसऱ्याला मिळत नाही. कुणी किती लॉक करायची, ती मर्यादा साडभाऊ घालतो.

परवा याच सर्व्हरवर क्लासची स्कॉलरशिपची परीक्षा ऐन रंगात असताना संचालक धावत आले. पाहुण्यांना दाखवायचं व्हिडिओचं नवं मशीन मर्यादेपायी सुरूच होईना.

"काढा ते मर्यादा. अनलिमिटेड करा!"

"साहेब, ते सगळी मेमरी धरून बसन अन् पोराइचा पेपर मधातच मरन. पेपर झाला का करतो."

"मालक मी हाओ का तुमी?"

"मालक तुमीच. पन आता नाई काढत."

"मंग उद्यापासून येऊ नका!"

"उद्याचं उद्या पाहू. आज हालत नाई," म्हणत त्याने सर्व्हरच्या खोलीच्या दाराला खुर्ची लावली आणि पेपर संपेपर्यंत तीत ठाण मांडलं.

मी स्कूटर घेऊन त्याला बसस्टँडवर सोडायला गेलो, तर हा डबा काखोटीला मारून फाटकात उभा. "थांबा न भाऊ, पोरं निघू द्या." नोकरी गेलेल्या माणसाला एवढंच बघायचं होतं. पोरं घोळक्याने निघून गेली. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही. शेवटी दोन वेण्यांची एक पोरगी त्याच्या पुढ्यातच थबकली. साडभाऊ हसून एक पाऊल पुढे झाला. पोरगी मैत्रिणीकडे वळून कळवळली, "कायचा पेपर होता माय! एकदा तरी कॉम्प्युटर बंद पडाले पायजे होता वं!"