तोंड पाहिल्याशिवाय

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांनी जन्मात कधी कुठली वस्तू बांधलेल्या पुडक्यात घरी नेली नाही. दोंडाईच्यात त्यांचा मिरचीचा व्यापार होता आणि दारात आलेल्या प्रत्येक पोत्यात ते कोपरापर्यंत हात घालून तळाची मिरची वर काढून पाहत. हे एक वेळ धंद्याला धरून झालं. पण वाण्याकडून साखर घेतली की त्याच्याच पायरीवर बसून पुडी सोडायची, चिमूट तोंडात टाकायची आणि पुडी पुन्हा बांधायला त्यालाच द्यायची, हे काही कुठल्या धंद्यात बसत नाही. छत्री घेतली तेव्हा ती दुकानापासून घरापर्यंत भर हिवाळ्यात उघडीच आणली. बहिणीचं लग्न ठरवायला ते जळगावला आमच्याकडे आले, तेव्हा मुलीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि उरलेला सगळा वेळ बशीतल्या करंज्या फोडून आतलं सारण न्याहाळण्यात घालवला. निघताना वडिलांना म्हणाले, "सारण बरं शे." बरं आहे, एवढंच. आम्ही तो होकार समजलो आणि तो होकारच होता. गाव त्यांना आबा म्हणे, मीही आबाच म्हणत आलो.

या खोडीपायी त्यांनी सख्खा भाऊ गमावला होता. धाकटा भाऊ नरडाण्याला राहायचा, पिठाची गिरणी चालवायचा. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. एका दिवाळीला त्यानं थोरल्या भावासाठी तुपाचा डबा आणला. आबांनी त्याच्या देखत झाकण उघडलं, बोट बुडवलं, वास घेतला. भाऊ म्हणाला, "मन्हावर बी भरोसा नही?" आबा म्हणाले, "डबा तू बनवला नहीस." भाऊ चहा न घेता उठला आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं. त्यानंतर कधी दोघं एकाच वेळी दोंडाईच्याच्या स्टेशनावर आले, तर फलाटाच्या दोन टोकांना उभे राहत. गाडी आली की आबा डबे मोजल्यासारखं करत एकदा त्या टोकाकडे बघून घेत, हे मी स्वतः पाहिलं आहे. तुपाचा तो डबा त्यांनी कधी संपवला नाही आणि कुणाला संपवूही दिला नाही.

मी त्या काळात जळगावला नवी वकिली करत होतो, म्हणजे काळा कोट घालून कोर्टाच्या आवारात चहा पीत होतो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. उन्हाळ्यात साथीचा ताप आला आणि आबांच्या भावाला शेजाऱ्यांनी धुळ्याला एका धर्मादाय इस्पितळात नेऊन टाकलं. ते इस्पितळ आज नाही. तिथं तो गेला, आणि आबांपर्यंत बातमी पोचायला दुसरा दिवस उजाडला. मला त्यांचा ट्रंक कॉल आला. "धुळ्याला ये," एवढंच बोलले. मी पोचलो तेव्हा आबा इस्पितळाच्या मागच्या खोलीच्या दारात उभे होते आणि आत स्ट्रेचरवर पांढऱ्या कापडात डोक्यापासून पायापर्यंत करकचून बांधलेला देह होता. इस्पितळाचा व्यवस्थापक समजावत होता की हा ताप संसर्गाचा आहे, म्हणून बांधून दिलंय, उघडायचं नाही, सरळ स्मशानात न्या.

"तोंड दाखवा," आबा म्हणाले.

व्यवस्थापकानं पुन्हा सगळं समजावून सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेवढंच म्हणाले. मला लाज वाटत होती. मी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "आबा, हे काही पोतं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी एका वॉर्डबॉयनं नाकाला रुमाल बांधून गाठ सोडली. आत पंचविशीतला एक तरुण होता. आबांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग कापड हळूच त्याच्या चेहऱ्यावर ओढलं आणि म्हणाले, "हाऊ मन्हा भाऊ नही. पन कोनना तरी शे."

घडलं होतं ते असं. आदल्या दिवशी दोन रुग्ण पाठोपाठ गेले होते. साक्रीच्या पलीकडच्या एका खेड्यातले लोक आपल्या मुलाला न्यायला आले, तेव्हा त्यांच्या हवाली आबांचा भाऊ केला गेला होता. उघडू नका म्हटल्यावर त्यांनी उघडलं नाही. त्यांच्यात पुरायची रीत. त्यांनी संध्याकाळीच माती दिली होती.

व्यवस्थापकाचा चेहरा उतरला. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "वकीलसाहेब, बोभाटा नको. आमची गाडी देतो. गावकऱ्यांशी बोलून गुपचूप अदलाबदल करू." मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "भावाला काय चोरून आणू?" मग मी, इतके दिवस आवारात प्यालेल्या चहाला जागून, कायदा सांगायला लागलो. पुरलेलं प्रेत उकरायचं तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो, पंचनामा लागतो. आणि प्रेत कुणाच्या मालकीचं नसलं तरी अंत्यसंस्कारासाठी ते ताब्यात मिळण्याचा हक्क जवळच्या नातेवाइकाचा असतो. इस्पितळ म्हणजे तोवरचं राखणदार, त्यानं ते ज्याचं त्याला द्यायलाच हवं. आबांनी विचारलं, "आणि या पोराचा हक्क?" मी म्हटलं, त्याच्या घरच्यांचा आहे. "ते येईपर्यंत?"

हुकूम मिळवायला मी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होतो, तेवढा वेळ आबा त्या खोलीच्या दाराशी बाकावर बसून राहिले. बर्फाच्या लाद्या स्वतः आणवल्या, त्या वितळल्या की दुसऱ्या आणवल्या. घरचा डबा आला तो परत पाठवला. खोलीत कुणी शिरलं की ते मागोमाग आत जात आणि ज्याला त्याला विचारत, "कुठं नेताय?" इस्पितळातले लोक त्यांना भ्यायला लागले. एक नर्स मला म्हणाली, "सख्खा मुलगा असेल ना त्यांचा?" मी नाही म्हटलं नाही.

हुकूम मिळाला. तहसीलदार, पंच, पोलीस आणि इस्पितळाची गाडी असे आम्ही त्या खेड्यात गेलो. गाडीत त्या तरुणाजवळ आबा बसले होते. गावाला कुणी तरी आधी कळवलं होतं, आणि सगळा गाव जमला होता. मुलाची आई, वाळून काटकी झालेली म्हातारी, थडग्याजवळ बसली होती. माती उकरली तेव्हा ती उठली नाही. आबांनी खाली वाकून, कापड बाजूला करायला लावून तोंड पाहिलं आणि तहसीलदारांना मान हलवून खूण केली. मग ते म्हातारीसमोर जाऊन उभे राहिले. म्हातारीच म्हणाली, "भाऊ, तुमना भाऊवर बी मन्हं रडनं हुई गयं." तुमच्या भावासाठीही माझं रडून झालं, असं ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. आबा तिच्या शेजारी मातीतच बसले. तिच्या मुलाला आणून ठेवलं, तेव्हा त्याच्या तोंडावरचं कापड त्यांनी आपल्या हातानं तिच्यासाठी बाजूला केलं. नंतर नरडाण्याला भावाला अग्नी देतानाही मी त्यांना इतकं मोडलेलं पाहिलं नाही.

इस्पितळावर दावा लावायचा हे त्यांनी परतीच्या वाटेवर ठरवलं. दोन्ही घरांच्या वतीनं लावायचा, हीच एक अट. धुळ्याच्या कोर्टात तो बरीच वर्षं रेंगाळला. इस्पितळाचे वकील अनुभवी होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं : प्रेत ही मालमत्ता नाही, तेव्हा ती गमावल्याचं नुकसानही नाही; शिवाय देह शेवटी मिळालाच. उरला मानसिक क्लेश. त्यासाठी त्यांनी आबांना पिंजऱ्यात उभं करून विचारलं, "तुमचं भावाशी बोलणं होतं?"

"नव्हतं."

"म्हणजे तो जिवंत असताना तुम्ही त्याचं तोंडही पाहत नव्हता?"

"नव्हतो पाहत."

"मग मेल्यावर ते पाहायला मिळालं नाही, याचा एवढा क्लेश तुम्हाला कसा झाला?"

मी हरकत घ्यायला उठलो, पण आबांनी हातानं मला खाली बसवलं. ते न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "साहेब, बोलणं असतं तर रोज पाहिलं असतं. नव्हतं, म्हणून तेवढं एकदाच राहिलं होतं."

न्यायाधीशांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढल्या तारखेला इस्पितळाकडून तडजोडीचा निरोप आला. संस्थेच्या अध्यक्षांनी भर कोर्टात दोन्ही कुटुंबांची माफी मागावी आणि यापुढे नातेवाइकांनी चेहरा ओळखल्याशिवाय देह सोडू नये, असं ठरलं. भरपाईचं कलम मी घातलं होतं, तेही मान्य झालं. आबांनी त्याची चौकशी केली नाही. अध्यक्ष हात जोडून आबांकडे आले तेव्हा आबांनी त्यांना वाटेतच अडवलं आणि म्हातारीकडे बोट केलं. "आधी तिथं."

नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल नसेल, आबा घरीच, दुपारच्या झोपेत गेले. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी दोंडाईच्याला बहिणीकडे होतो. आखाजीला आमच्या खानदेशात गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. बहिणीनं देवघरासमोर तीन घागरी मांडल्या होत्या. एक आबांची, एक त्यांच्या भावाची, हे मला कळलं. तिसरी कुणाची म्हणून मी विचारलं.

"त्या साक्रीकडच्या पोराची," ती म्हणाली. "आबा दरसाल भरायचे. म्हणायचे, त्याची आई थकली आता, तिच्याच्यानं एखाद्या साली झालं नाही तर तो उन्हाचा कुठं पाणी मागत फिरेल."

मग तिनं कळशी उचलली आणि ती घागरही बाकीच्या दोन्हींसारखी काठोकाठ भरली.