डोंगराकडचा सेट

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला माझी सगळी सोंगं पाठ आहेत, पण हे तिलाही ठाऊक नाही. दोनतीनदा सांगायला तोंड उघडलं होतं — आणि मग भाजीत मीठ कमी आहे असलं काहीतरी बोलून गप्प बसलो. आज तुम्ही समोर आहात असं धरून बोलतो. अडखळेन, मागेपुढे होईन, तेवढं चालवून घ्या.

आठवायला बसलो की आधी मला ती गाडीच दिसते. आमची कंट्रोल व्हॅन. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी बंदोबस्ताच्या खात्यात वायरलेसवर होतो. एका जुन्या बसची बाकडी काढून आत फळी ठोकलेली, फळीवर वायरलेसचे सेट, भिंतीला जिल्ह्याचा नकाशा, आणि एक पंखा, जो कितीही वळवला तरी नकाशालाच वारा घालायचा. आग लागो, मिरवणूक असो, नदीला पूर येवो — ही गाडी तिथे जाऊन उभी राहायची आणि साहेब लोक तिच्यात बसून सगळा कारभार हाकायचे. टपावरची उंच एरियल बघून लोकांना वाटायचं, आत केवढी यंत्रं असतील! आत असायचो मी, दोन सेट आणि चहाची किटली.

पण मला ती गाडी फार आवडायची. का सांगू? आवाजांमुळे. दिवसभर कुठून कुठून आवाज यायचे. देवळाली कॅम्पवरचा एकजण कायम सर्दी झाल्यासारखा बोलायचा. देवळा गावचा बोलता बोलता काहीतरी चघळत असायचा. यांतल्या बऱ्याच जणांना मी कधी पाहिलेलं नव्हतं, पण प्रत्येकाला मी मनातल्या मनात एक चेहरा देऊन टाकला होता, कुणाला मिशी, कुणाला टक्कल. खिडकीला पडदा, बाहेर ऊन किंवा पाऊस, आणि मी मधे बसून सगळा जिल्हा ऐकतोय — अर्धवट झोपेत असावं तसं सुख होतं ते. खात्यात कुणाला हे बोललो असतो तर मला वेड्यात काढलं असतं.

गावितला मात्र मी पाहिलेलं होतं. त्याला मीच शिकवलं होतं. हरसूलजवळच्या एका पाड्यावरचा, किडकिडीत, हसरा, माझ्याहून दोनचार वर्षांनी लहान. वायरलेसवर बोलायचं तर बाजूचं बटण दाबायचं, क्षणभर थांबायचं आणि मग तोंड उघडायचं. नाहीतर पहिले शब्द हवेतच जातात. गावित नवीन असताना घाई करायचा. बटण दाबायच्या आधीच याचं बोलणं सुरू. त्यावरून मी त्याला पुष्कळदा झापलं होतं. पुढे तो शिकला, चांगला शिकला, हे मी इथे मुद्दाम सांगतोय. पण आमच्यात त्याची थट्टा सुरूच राहिली. आता तो सावकाश बोलायचा, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा. त्याची नक्कल सगळ्यांत चांगली कोण करायचं? मीच.

आता त्या दिवशीचं.

श्रावण होता. नाशकात गोदावरी दुथडी भरून चाललेली, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आलेलं. आमची गाडी घाटाच्या वरच्या रस्त्याला लावलेली होती. साहेब खाली लोकांना मागे हटवत होते. गाडीत मी एकटा आणि दोन सेट — एक शहराचा, एक डोंगराकडचा. डोंगराकडच्या सेटवर गावित होता. हरसूलच्या बाजूला एका ओढ्यावर फरशी होती, बुटका पूल म्हणा. त्या फरशीच्या पलीकडच्या काठावर त्याला उभं केलेलं. फरशीवर पाणी चढलं की त्यानं मला सांगायचं, आणि मी अलीकडच्या नाक्यावर सांगायचं की गाड्या थांबवा. नाका होता वळणाआड. मधे डोंगर असल्यामुळे नाक्याला गावितचा आवाज मिळत नसे. आणि मिळाला असता तरी आमचा नियम होता — परस्पर कुणी कुणाशी बोलायचं नाही, सगळं कंट्रोलमार्फत. म्हणजे माझ्यामार्फत. कळतंय ना तुम्हाला? त्या फरशीच्या दोन्ही बाजू माझ्या हातात होत्या.

सकाळपासून गावित थोड्या थोड्या वेळानं बोलत होता. पाणी जैसे थे. पाणी बोटभर वाढलं. पाणी पुन्हा जैसे थे. आज बाजार हाय, लोकं लय येणार, ध्यान ठेवा. त्याचं काम तो करत होता. मला कंटाळा आला होता. त्या डोंगराकडच्या सेटमधून आवाज नसतानाही सारखी खरखर यायची, ती डोक्यात जायला लागली होती. मी त्या सेटचा आवाज कमी केला.

नाही — असं नको. कमी नाही केला. बटण डावीकडे शेवटपर्यंत फिरवलं. बंद.

आमच्यात एक पद्धत होती. साहेब फोनवर असले की कधीकधी सेट बारीक करावा लागायचा, आणि मग तो तसाच विसरू नये म्हणून आपली टोपी काढून त्या सेटवर ठेवायची. डोक्यावर टोपी नाही हे लक्षात आलं की सेट आठवतोच. त्या दिवशी मी टोपी ठेवली नाही. क्षणभराचा तर प्रश्न, असं म्हटलं. देवळाली कॅम्पचा सेट असा बंद केला असता का मी? नसता केला. गावितचा होता म्हणून केला. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आणि मग इतकी छान शांतता झाली — हे सांगायची मला लाज वाटते, पण छानच होती ती. शहराचा सेटही गप्प होता. टपावर पाऊस वाजत होता. मागचं दार उघडं होतं आणि त्यातून नुसती नदी दिसत होती, तांबडी, रुंद, आवाज न करता चाललेली. एक भोपळा गेला. मग एक प्लास्टिकची खुर्ची, सरळ उभी, कुणीतरी बसून जावं तशी. झेंडूच्या फुलांचा एक मोठा लगदा गोल गोल फिरत गेला. पाण्याकडे एकटक बघत बसलं की काय होतं माहीत आहे ना? पाणी थांबतं आणि आपण चालायला लागतो. गाडी हळूच सुटली, असं मला वाटलं. मी, नकाशा, पंखा, किटली, सगळे निघालो आहोत नदीवरून वरच्या अंगाला, गंगापूर धरणाच्या पुढे, डोंगरांकडे, जिथून हे पाणी येतंय तिथे. डोळे उघडे होते माझे. झोपलो नव्हतो. झोपलो असतो तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा वाटलं.

किती वेळ गेला? खरंच माहीत नाही. आमच्या गाडीचा ड्रायव्हर ग्लासात चहा घेऊन आला, पायरीवर त्याचे पाय वाजले आणि मी भानावर आलो. आधी हात सेटकडे गेला. बटण फिरवलं.

"कंट्रोल, जीप गेली," गावित म्हणत होता. "कंट्रोल, जीप गेली वाहून."

ओरडत नव्हता तो. घसा बसलेला, आणि तेच वाक्य, पुन्हा पुन्हा. किती वेळापासून म्हणत असेल? मी उत्तर दिलं, नाक्याला सांगितलं, साहेबांना बोलावलं. सगळं भराभर, शिकवल्याप्रमाणे. गावितच्या पाड्यावरची माणसं घेऊन बाजारावरून परतणारी जीप होती. बाकीचे पाड्यावरच्या लोकांनी दोर टाकून काढले. जीपचा ड्रायव्हर आणि एक बाई मिळाली नाहीत. बाईचं लहान मूल काठावर सापडलं, जिवंत.

साहेब निथळत गाडीत आले आणि त्यांनी विचारलं की पाणी चढल्याचं आपल्याला आधी का कळलं नाही. साधा प्रश्न होता. रागावलेही नव्हते अजून. मी म्हणालो की साहेब, डोंगराकडून काहीच आलं नाही, सेट सुरू होता, मी ऐकत होतो. चहाचा ग्लास हातात धरून आमचा ड्रायव्हर शेजारीच उभा होता. त्याला काय माहीत असणार?

खोटं किती सहज येतं ना? मी ते ठरवलंसुद्धा नव्हतं. तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर मला वाटलं, हे खरंच असेल कदाचित.

चारआठ दिवसांनी गावितला नाशकात बोलावलं. त्याचा सेट तपासला तर चांगला होता. तो एवढंच म्हणाला की पाणी फरशीवर आलं तेव्हापासून मी बोलत होतो, लय बोललो, रेनकोट काढून हलवला, पण जीपवाल्याला वाटलं मी या म्हणतोय. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — हे सगळ्यात वाईट आहे म्हणून इतका वेळ इकडेतिकडे करतोय — मी म्हणालो, "साहेब, याला बटण दाबायच्या आधीच बोलायची सवय आहे. मी बऱ्याचदा सांगितलंय याला."

 गावितनं आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहिलं. मी बघत होतो. त्या क्षणी त्याला ते पटलं.

त्याला वायरलेसवरून काढलं आणि कुठल्याशा गोदामावर पहाऱ्याला दिलं. पुढे बढती अशी त्याला मिळालीच नाही. तो माझ्यावर चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. पण त्या दिवशी बाहेर पडल्यावर तो मला गाठून म्हणाला की भाऊ, तुम्ही इतकं शिकवलं, माझ्याच ध्यानात राहिलं नाय. माफी मागितली त्यानं. माझी. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि होतं असं कधीकधी म्हणालो. मोठेपणानं म्हणालो.

त्यानंतर दरवर्षी भात निघाला की हरसूलहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी तो माझ्याकडे तांदूळ पाठवायचा. कधी नागलीचं पीठ. माझी बायको म्हणायची, किती जीव आहे हो त्यांचा तुमच्यावर. त्या तांदळाचा वास घरभर सुटायचा. आम्ही ते खाल्ले. मुलांना खाऊ घातले. मी एकदाही नको म्हणालो नाही, कारण नको म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

व्हॅनसुद्धा पुढे बदलली. नवी आली, थंड हवेची, काचा काळ्या, आत टीव्हीसारखे पडदे. माणसांच्या खिशात मोबाईल आले. मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी गावितनं आजारपणात नोकरी सोडल्याचं कळलं. दोन वर्षं मी गेलो नाही. मग एका दुपारी एसटीनं हरसूलला गेलो आणि तिथून पाड्यावर. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

ओट्यावर खाटेवर पडलेला होता. फार वाळला होता, पण मला पाहून उठून बसला. बायकोला भाकरी टाकायला सांगितलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी शब्द जुळवत होतो. समोरच्या भातावर वारा फिरत होता आणि सगळा उतार हळूहळू वर येतोय, खाली जातोय असं दिसत होतं. मी तिकडे बघत राहिलो. पुन्हा तेच — बघत राहिलो. तेवढ्यात तोच बोलला.

"भाऊ, एक खरं सांगा. त्या दिवशी माझा आवाज आला व्हता का? थोडा तरी?"

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. म्हणजे तीही ऐकत होती. या घरात हा प्रश्न किती वर्षं असणार? ते वाचलेलं मूल त्याच पाड्यावर मोठं होत होतं, गावित त्याला रोज पाहत होता. आणि मला आता कुणाची भीती होती? साहेब नव्हते. नोकरी संपली होती. तो खाटेवरचा माणूस मला काहीही करणार नव्हता. फार तर रडला असता.

मी म्हणालो, "नाही रे गावित. काहीच नाही आलं."

 मग तो म्हणाला, "मंग माझंच बोट." आणि त्यानं हात गोधडीखाली घेतला.

मी जेवलो. भाकरी गरम होती, दोन खाल्ल्या. संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. भात कापणीला यायच्या आधीच तो गेला. त्याच्या मुलानं मोबाईलवर कळवलं, तुमचं नाव लय घ्यायचे म्हणाला. मी पोचवायला गेलो नाही.

त्याचा सेट चांगला होता. त्याचं बोटही बरोबर होतं. बटण दाबून, क्षणभर थांबून, नीट, मी शिकवलं तसंच तो बोलत होता. मी ऐकत नव्हतो. मी सेट बंद केला होता, आणि त्यानं विचारलं तेव्हाही मी त्याला हे सांगितलं नाही.