पहिल्या पंगतीचा पावणा

आमचे धाकटे भावजी, कुंडलिक, म्हणजे मुलखाचे हट्टी. मुंबईला भाजीच्या घाऊक बाजारात हमाली करायचे, पण जीव सगळा इथं, ओतूरजवळच्या आमच्या गावात. यात्रा कधी चुकवली न्हाई. आन् गाव त्यांना पहिल्या पंगतीला बसवायचं. आमच्याकडं पहिली पंगत पावण्यांची. गावकऱ्यांनी वाढायचं आन् शेवटी जेवायचं.

सत्त्याण्णव साली मुंबईला गेलेल्या आमच्या मंडळींनी देवळापुढं कमान बांधायला वर्गणी काढली. कमानीवर नावं कोरायची व्हती, मग काय इचारता! सगळे पुढं पुढं. तर यात्रेच्या बैठकीत भावजी उठले आन् म्हणाले, "कमान ऱ्हाऊ द्या. तेच पैसे घालून फाट्यावर शेड बांधू. आपली कोथिंबीर टेम्पोची वाट बघत उन्हात पडती. तुमी वरनं पाणी मारता, ती मुंबईला पोचेस्तोवर आतनं सडती."

सरपंच हौशीराम खो खो हसला. "पावणं, तुमी लापशी खावा आन् एष्टी धरा. कोथिंबिरीचं आमी बघतो की!"

सगळी बैठक हसली. मलाबी हसू आलं, खोटं कशाला बोलू? पाणी मारल्याबिगर जुडी टवटवीत दिसती व्हय?

पण घरी आल्यावर भावजींनी भाकरीला हात लावला न्हाई. म्हणाले, "वहिनी, माझी नाळ या मातीत पुरली. मी पावणा कवा झालो?"

हौशीरामाचा असा राग आला! मी म्हनलं, "त्याच्या जिभेला हाड न्हाई, भावजी. पण नुसतं सांगून त्याला पटायचं न्हाई. घेऊन जावा की मुंबईला, दाखवा."

भावजींनी खरंच त्याला त्याच्याच कोथिंबिरीच्या टेम्पोत बसवून नेलं. बाजारात एका गठ्ठ्याला कुणी हात लावीना. हौशीराम ऐटीत म्हणाला, "कुणा येड्याचा माल हाय ह्यो?" भावजींनी त्यातली जुडी काढून त्याच्या हातात दिली. वरून हिरवीगार, आत पिवळी आन् गरम. आन् बांधलेली कशानं? लाल लुगड्याच्या चिंधीनं! सरपंचीणबाईंचं लुगडं हौशीराम वळखणार न्हाई तर कोण वळखणार?

परत आल्यावर हौशीरामानं आपण होऊन बैठक बोलावली. शेडचे पत्रे-खांब मुंबईकरांनी दिले, खड्डे गावानं खणले. पाणी मारायचं बंद झालं. सावलीत, वाऱ्यावर सुकवून माल जायला लागला आन् आमच्या गावचं नाव सांगून गिऱ्हाईक यायला लागलं. माझ्याच कोथिंबिरीवर घराचे पत्रे बदलले, लेक कॉलेजात गेली. कमान राहिली ती राहिलीच. देव काय रागावला न्हाई.

पुढच्या यात्रेला भावजी सवयीनं पहिल्या पंगतीत जाऊन बसले. तर हौशीराम लांबूनच वरडला, "अय कुंडल्या! पावण्यावानी बसतोस काय? ऊठ, आमटीची बादली घे!"

मंडपातली मंडळी चपापली. भावजी मातर असे उठले! बाह्या सारल्या आन् दुपार टळेस्तोवर वाढत राहिले. शेवटी आमच्या पंगतीला बसले, तवा आमटी संपली व्हती. नुसती लापशी खाल्ली आन् डोळे पुसत आणखी मागून घेतली.